अडीचपट ऊन

तो आमच्या तळघरातल्या लॅबचा जिना चुकून उतरला. जायचं होतं एक्स-रेला. मी समोरून रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन येत होते. ट्रे वाचला, कोपर भिंतीवर आपटलं ते माझं.

"सॉरी! लागलं का?"

"एक नळी जरी फुटली असती ना, तर तुमचंच रक्त काढून भरली असती."

"काढा की!" त्याने बाही वर सरकवली. "तसंही यादीत पुढचं तेच आहे."

यादी नोकरीच्या तपासणीची होती. हा हवामानवाला. पार उत्तरेच्या टोकाला एका वेधशाळेत निघालेला. हिवाळ्यात चार महिने सूर्यच उगवत नाही अशा जागी. अट एकच – रक्तातलं व्हिटॅमिन डी तीसच्या वर हवं. या जागेसाठी पठ्ठ्या सहा वर्षं अर्ज करत होता.

"चार महिने अंधार? करमेल?"

"तुम्हाला या तळघरात करमतं ना?"

मी त्याच्या दंडाला पट्टा जरा जास्तच करकचून बांधला.

रिपोर्ट आला – पंचेचाळीस. तो असा हसला, की ट्यूबलाइट लाजावी. मीही हसून निरोप दिला आणि मग उगाचच दिवसभर चिडचिड केली.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की कालचे सगळेच रिपोर्ट झकास आहेत. उंबरा न ओलांडणाऱ्या आजी, दिवसभर एसीत बसणारे साहेब… सगळे ठणठणीत! असं होतं कुठे? जगात अब्जभर माणसांना हे कमी पडतं म्हणतात, अगदी रखरखत्या उन्हाच्या देशांतही. मशीन परवाच दुरुस्त झालं होतं. मेकॅनिकने एकक बदलून ठेवलेलं. आम्ही नॅनोग्रॅममध्ये मोजतो, काही देश नॅनोमोलमध्ये. रक्त तेच, आकडा अडीचपट! त्याचे पंचेचाळीस म्हणजे खरे अठरा. विसाच्या खाली – कमतरताच.

म्हणजे तो जाणार नव्हता. खरं सांगते, क्षणभर मन हरखलं. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी फोन उचलला.

तो आला. चेहरा उतरलेला.

"बॅग भरून झाली होती हो…"

"तिकडचं जहाज सुटायला अजून आठ आठवडे आहेत ना? डॉक्टर गोळ्या देतील. शिवाय ऊन घ्या."

"तुमचं किती आहे?"

"माझं? …मी कधी तपासलंच नाही."

तपासलं. नऊ!

मग डॉक्टरांनी दोघांनाही गोळ्या दिल्या, आणि रोज अकराला आम्ही इमारतीच्या गच्चीवर बाह्या दुमडून बसू लागलो. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. आई फोनवर ओरडायची, "काळी पडशील गं!"

"पडू दे!"

एकदा तो म्हणाला, "हे ऊन पंधरा कोटी किलोमीटरवरून आलंय. आठ मिनिटांत… तुझ्या मनगटावर."

मी मनगटाकडे बघत राहिले. माझी ही साधी कातडी त्या उन्हातून औषध बनवते! कुणी शिकवलं तिला? हजारो नळ्या तपासल्या मी, पण कधी असं थक्क होऊन बघितलंच नव्हतं.

आठ आठवड्यांनी त्याचा आकडा आला. मी एकक तीनदा तपासलं. चौतीस. रिपोर्ट त्याच्या हातात ठेवताना माझी बोटं काही सुटेनात.

"जा," मी म्हटलं.

"आणि तुझं?"

"बावीस."

"तीसच्या वर ने."

"का? मला कुठे पाठवणार आहेस?"

तो अडखळला. "तिथे उन्हाळ्यात… सूर्य मावळतच नाही. रात्री बारालाही ऊन असतं. एकट्याने बघवणार नाही मला ते. तुझ्याशिवाय तर… येशील?"

न मावळणारा सूर्य!

"येईन," मी म्हटलं. "पण तोवर गोळी विसरलास तर बघ!"

"काय करशील?"

"मग मी भर हिवाळ्यातच येऊन बसेन तिथे."

"मग विसरतोच," तो म्हणाला.