मूळसखा

नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली उभं राहूनसुद्धा डोकं तापत होतं. मृग कोरडा गेला होता आणि अमरावतीत पारा पंचेचाळिसाच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. तरीही मृणाल राऊतचे बाबा रोपांच्या रांगांमधून लग्नाच्या बस्त्याला आल्यासारखे फिरत होते.

"हे सीताफळ घेऊ. नाही, थांब, याचा शेंडा मोडलाय. ते पलीकडचं बघ, कलम कसं बेमालूम जुळलंय."

मृणालने पलीकडचं सीताफळ उचलून हातगाडीवर ठेवलं. गाडीवर आवळा, कागदी लिंबू आणि फालशाची दोन झुडपं आधीच चढली होती. आई गेल्यावर बाबा तिच्याकडे राहायला आले आणि घरामागची मोकळी जागा त्यांनी ताब्यात घेतली. सुरुवातीला लावलेलं एकूण एक झाड उन्हाळ्याने जाळलं होतं. मग मूळसखा आला, आणि त्यानंतर बाबांचं एकही रोप दगावलं नव्हतं.

मूळसखा म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळलेली एक बुरशी. मुळांशी सख्य करणाऱ्या बुरश्या मातीत पूर्वापार आहेतच. आपल्या बारीक तंतूंनी त्या लांबचा ओलावा झाडापर्यंत पोचवतात. पण विदर्भाच्या तापलेल्या मातीत त्या तग धरेनात, तेव्हा एका प्रयोगशाळेने उष्णता सोसणारा हा वाण घडवला. रोप विकण्याआधी त्याच्या मातीतला मूळसखा जिवंत आहे ना, हे तपासून देण्याचा नियम होता. त्यासाठी नर्सरीच्या मालकीण सुलोचनाताई काळमेघ यांच्या हातात पेनाएवढी गंधकांडी असे. मूळसखा जिवंत असला की त्याच्यातून एक खास वायू निघे, आणि तो हुंगताच कांडीच्या टोकाला हिरवा दिवा लागे.

आवळा, हिरवा. लिंबू, हिरवा. सीताफळ, हिरवा.

"आणि एक करवंदाची जाळी द्या," बाबा कोपऱ्यातल्या काटेरी झुडपाकडे वळले. "कुंपणाला बरी."

"काका, ते डोंगरातल्या बियांपासून केलेलं रोप आहे. त्यात मूळसखा नाही बरं का. करवंदाला त्याची गरजच नसते."

बाबा झुडपावर वाकून पानं निरखू लागले. सुलोचनाताईंनी सवयीने कांडी पुढे धरली. हिरवा दिवा लागला.

"असं कसं?" त्या पुटपुटल्या. त्यांनी कांडी स्पिरिटने पुसली आणि कोऱ्या काथ्याच्या भुशावर धरून पाहिली. दिवा लागला नाही. करवंदाच्या मुळाशी खुपसली, तरी नाही. "मघाशी कांडीला कुठल्यातरी कुंडीची माती लागली असेल."

"काय झालं?" म्हणत बाबा पुन्हा वाकले, आणि दिवा लागला.

मृणाल हसली. "बाबा, तुमच्यावरच कुणीतरी कलम केलेलं दिसतंय!"

सुलोचनाताई हसल्या नाहीत. त्यांनी कांडी बाबांच्या तोंडासमोर आणली. "काका, जरा फुंकर मारा."

बाबांनी फुंकर मारली. कुठल्याही कुंडीवर लागला नव्हता इतका लख्ख दिवा लागला.

मग सुलोचनाताईंनी कांडी स्वतःच्या ओठांसमोर धरली. हिरवा. मृणालने कांडी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि फुंकली. दिवा लागला नाही. पुन्हा फुंकली, तरी नाही.

"म्हणजे काय हे?" तिचा आवाज चिरकला. "मातीतली बुरशी माणसाच्या श्वासात कशी येईल?"

"येऊ नये, हेच तर आम्ही गृहीत धरलं होतं." सुलोचनाताई उलट्या घातलेल्या क्रेटवर बसल्या. "आपलं शरीर आतून सदतीस अंशांचं. मातीतल्या बहुतेक बुरश्यांना ती भट्टीच. म्हणून त्या आपल्या वाटेला जात नाहीत."

"मग हा?"

"याला आपण पन्नास अंशांत जगायला शिकवलंय."

सुलोचनाताईंनी प्रयोगशाळेला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तुम्हीही?"

"तुम्हीही म्हणजे?"

"रोपं विकणं आत्ताच्या आत्ता थांबवा, मॅडम," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

बाबा मात्र शांत होते. "तू काहून एवढी घाबरून राहिली? मला काही होत नाही गं. उलट दम्याचा पंप मी कुठे ठेवलाय, तेही आता आठवत नाही. भर दुपारी झाडांना आळी करतो, तहानसुद्धा लागत नाही."

मृणालला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. रोज संध्याकाळी घरामागच्या त्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसणारी तिची सहा वर्षांची इरा तिला दिसत होती. गाडीवरची रोपं तशीच टाकून ती निघाली. कांडी तिच्या मुठीतच होती.

घरी इरा पेरूच्या झाडाखाली चिखलाची भांडी करत होती.

"फुंक बघू यात."

खेळ समजून इराने गाल फुगवले आणि फुंकर मारली.

"लागला! आई, दिवा लागला! आता तू!"

मृणालने तिला मातीतून ओढून छातीशी धरलं. मग एकदम दचकून दूर केलं, आणि आपण पोटच्या पोरीला दूर ढकललं या विचाराने रडू फुटून पुन्हा जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात डॉक्टर फातिमा काझींनी इराच्या फुप्फुसांचं चित्र पडद्यावर लावलं. आत पांढरे तंतू पसरले होते, कोवळ्या रोपाच्या मुळांसारखे. सूज नव्हती, पू नव्हता, ताप नव्हता.

"ती ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे वडीलही. खालचा वॉर्ड उष्माघाताच्या रुग्णांनी भरलाय. आम्ही सगळ्यांचे श्वास तपासले. एकातही मूळसखा नाही."

"म्हणजे तो यांना वाचवतोय?"

"कदाचित."

"पण फुकट कोण काय देतं, डॉक्टर? झाडाकडून तो काय घेतो?"

"साखर."

"आणि इराकडून?"

डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल तिच्याकडे सरकवला. "साखर थोडी कमी आहे. अगदी थोडी. सध्या तरी." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "औषध आहे. आज सुरू केलं तर तो निघून जाईल, पण ते यकृतावर जड जातं. आणि वाट पाहिली, तंतू खोल गेले, तर पुढे त्याला काढताना फुप्फुसंही जायबंदी होतील. पुढे तो काय करेल, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

बाबांनी औषध नाकारलं होतं. "माझं मी बघतो," असं म्हणून ते बाहेर बाकावर जाऊन बसले. त्यांचा जीव, त्यांचा निर्णय. पण इराचा? मृणालने पडद्यावरच्या त्या नाजूक, पांढऱ्या जाळ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "सुरू करा."

नर्सने गोळी आणि पाण्याचा पेला आणून दिला. मृणालने गोळी इराच्या तळहातावर ठेवली. इराने ती उलटसुलट करून पाहिली.

"आई, मला ताप आलाय?"

"नाही, सोन्या."

"कुठे दुखतंय का मला?"

"नाही."

"मग हे औषध कुणाला मारायला आहे?"