नळाच्या दिवशी पळणारी

"आज नळ आहेत. आज तरी पळायला जाऊ नकोस," आई म्हणाली होती. "गल्लीभर पाइप पसरलेले असतात. पडशील कुठंतरी तोंडावर."

"आई, मी काय सावनी आहे का?" बुटाची नाडी बांधत मी म्हटलं आणि निघाले.

सावनी म्हणजे माझी लेक. तेव्हा ती नुकतीच बालवाडीत जायला लागली होती. तिच्या बाबांचं आणि माझं जे काही होतं ते पुण्याच्या कोर्टात संपलं होतं, आणि मी बेगमपुऱ्यात आईकडे परत आले होते. दुपारी शाळेत शिकवायचं, उरलेला वेळ काळजी करायची. सावनी शिंकली की मी तिच्या कपाळाला हात लावायची, आणि बराच वेळ शिंकली नाही तरी लावायची. फक्त पळताना काळजी मागं राहायची. माझा वेग काही फार नव्हता, पण तिचा त्याहून कमी.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवडा उलटला की एक दिवस येतं, कधी त्यालाही उशीर होतो. त्या दिवशी कुणी झोपून राहत नाही. प्रत्येक दारातून हिरवा पाइप बाहेर येतो, मोटरी घरघरतात, ड्रम, हंडे, बादल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. आणि अशा गल्लीतून मी ऐटीत पळत होते... वळणावर पाय अडकला.

मी पडले नाही. पण पाइप ड्रममधून उसळला, वेडावाकडा नाचला, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत भिजवून मोकळा झाला.

"ओ मॅडम! लई दिवसांनी आलेलं पाणी हाय ते!" तो ओरडला. मग डोळ्यांवरचं पाणी निपटून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आला. "लागलं का तुम्हाला?"

"मला नाही..." मी म्हणाले. "पाण्याला लागलं बहुतेक."

तो हसला. पापण्यांवर अजून थेंब होते, आणि मी ते बघत होते, हे माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं.

"नळाच्या दिवशी कोण पळतं हो?"

"जिच्या घरी पाणी भरायला आई असते ती."

"आणि दुसऱ्याचं सांडलेलं कोण भरून देतं?"

मग काय! पाइप माझ्या हातात आला. तो आतून दुसरा ड्रम ओढत बाहेर आला आणि आम्ही दोघं पाण्याची धार बघत उभे राहिलो. नाव इंद्रजीत. मूळचा सोयगावचा, शेंद्र्याला कंपनीत नोकरी. खाली घरमालकीण दगडाबाई, वर त्याची एक खोली. पाणी दोघांचं तोच भरायचा.

"मीबी पळतो," तो म्हणाला. "विद्यापीठ गेटपासून सोनेरी महालापर्यंत. नळाचा दिवस सोडून."

"मी दर महिन्याला चालू करते," मी खरं सांगून टाकलं, "आणि दर महिन्याला बंद पडते."

"मग उद्या गेटला या. बंद कसं पडता, बघू."

घरी आले तेव्हा बूट चिंब होते. आई दारातच उभी. "पडलीस ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि कारण नसताना हसले.

दुसऱ्या दिवशी तो गेटला होता. कमानीसमोर आला की तो क्षणभर थांबायचा, छातीवर हात ठेवायचा, मगच पाय उचलायचा. त्याचं आडनाव मी विचारलं नाही. आईनं मात्र विचारलंच. "माहीत नाही," मी म्हटलं. "विचारून घे," ती म्हणाली. "कशाला?" मी म्हटल्यावर तिनं मेथी निवडायला घेतली.

तो माझ्याहून कितीतरी चांगला पळायचा, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तुम्ही माझ्यासाठी हळू पळताय."

"नाय. बोलता आलं पायजे इतकंच पळायचं असतं. दम लागला तर तुम्ही बोलायच्या थांबता."

"मग?"

"मग मी कशाला यायचं?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. लेण्यांच्या डोंगरावर ऊन नुकतं उतरत होतं, रस्त्याला कडुनिंबाचा कडवट गार वास होता, आणि माझा दम मात्र त्याच क्षणी गेला होता... इतकं हळू पळूनही!

यापूर्वी माझं पळणं दर वेळी सुटायचं ते एकाच पद्धतीनं. एक दिवस चुकला की दुसरा चुकायचा, आणि मग लाज वाटून बूट पलंगाखाली जायचे. त्याच्याकडे या दुखण्यावर साधंच औषध होतं. पहाटे मोबाइलवर एकच शब्द यायचा, "आज?" मी लिहायची, घरी आजारपण आहे. उत्तर यायचं, "गल्लीच्या टोकापर्यंत?" सावनीला ताप होता तेव्हा मी खरंच गल्लीच्या टोकापर्यंत पळाले, परत आले, तिच्या कपाळाला हात लावला, आणि पुन्हा पळाले. शेजारची मेघा खिडकीतून बघत होती. "काय हरवलंय का गं?" तिनं विचारलं. परीक्षांचे पेपर आले, आईचे गुडघे दुखले, पाहुणे आले. कधी टोकापर्यंत, कधी सोनेरी महालापर्यंत, पण या वेळी बूट पलंगाखाली गेले नाहीत.

फक्त घरी आजारी कोण असतं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. रोज ठरवायची. रोज वाटायचं, उद्या... आजची सकाळ तेवढी अशीच राहू दे.

एका सकाळी सावनी माझ्याआधी उठली आणि तिनं माझा कुर्ता सोडलाच नाही. तिला घेऊनच गेटला गेले. इंद्रजीतनं मला पाहिलं, मग तिला. ती "आई, हा कोण?" म्हणाली, आणि माझं लपवलेलं सगळं एका दमात रस्त्यावर आलं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मी तुझ्या आईच्या मागं पळणारा."

"मग पकड ना तिला!"

तो हसला नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "पकडू?"

मी सावनीला कडेवर घेतलं आणि सरळ घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी तो गेटला नव्हता. मोबाइलवर शब्द नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

"बरं झालं, आताच कळलं," आई म्हणाली. "लेकरू बघितलं की भलेभले मागं सरतात."

मला रडू आलं नाही, राग आला. मी पळाले. रागानं गेटपर्यंत, रागानं सोनेरी महालापर्यंत. "बरे आहात ना?" लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मी का विचारायचं? मागं तो सरला होता... असं मी धरूनच चालले होते.

मग नळ आले. आईनं या वेळी माझ्या बुटांकडे नुसतं पाहिलं. मी मुद्दाम त्याच्या गल्लीतून निघाले. म्हटलं, दारात पाइप धरून उभा असेल, ताठ मानेनं समोरून जायचं, बघायचंसुद्धा नाही!

सगळ्या दारांत पाइप होते. मोटरी घरघरत होत्या. त्याच्या दारात काहीच नव्हतं. ड्रम कोरडे, एक आडवा पडलेला, झाकण धुळीत.

मी जागच्या जागी थबकले. आमच्या शहरात माणूस रुसतो, भांडतो, प्रेमात पडतो, प्रेमातून बाहेर पडतो, पण नळाच्या दिवशी ड्रम कोरडा ठेवत नाही.

"चंपाबाई," समोर पाणी भरणाऱ्या मावशींना मी विचारलं, "इंद्रजीत कुठं आहेत?"

"गावाकडं गेला आसंल. लई दिस दिसला नाय. दगडाबाई पण लेकीकडं गेल्यात, दौलताबादला."

गावी गेलेल्या माणसाच्या चपला जिन्यात कशा? मी जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. तो पलंगावर होता, अंग भट्टीसारखं, ओठ फुटलेले, माठ रिकामा. फोन उशाशी मेलेला.

"पाणी," तो म्हणाला.

चंपाबाईंच्या पाइपाखाली तांब्या भरला, त्याला घोट घोट पाजला, आणि धावत सुटले. मकबऱ्याच्या रस्त्यापर्यंत मी जे पळाले, ते पळणं माझ्या अंगात होतं हे मला माहीतच नव्हतं! रिक्षा मिळाली. पण गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"आपा, इत्ते पाइपां? उनपर से गाडी डालूं तो ये औरतां मेरेकू जीता छोडेंगे क्या?"

तोवर चंपाबाईंनी वर जाऊन इंद्रजीतला पाहिलं होतं. त्या गल्लीच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि असा काही आवाज लावला की मोटरींची घरघर बुडाली.

"पाइप उचला गं! पोरगं तापानं फणफणलंय! उचला म्हणते ना!"

आणि गल्लीनं पाइप उचलले. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी... बायकांनी डोक्याच्या वर धरलं, पोरांनी भिंतीला टेकवलं, धारा साड्यांवर, ओट्यांवर, गटारात पडत राहिल्या, आणि मधून रिक्षा भिजत त्याच्या दारापर्यंत आली, त्याला आत बसवून तशीच भिजत बाहेर पडली. मागून एक आवाज आला, "पोहोचल्यावर कळव गं!"

रिक्षात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

"तुम्ही उत्तर दिलं नाय," तो पुटपुटला. "म्हटलं... त्रास देऊ नाय. मग ताप आला."

"आणि मला वाटलं, तुम्ही सावनीला बघून..."

"सावनीनंच तर सांगितलं ना, पकड म्हणून."

मी त्याचा तापलेला हात घट्ट धरला. "हो," मी म्हणाले. "उत्तर हो आहे. ऐकू येतंय का?"

"पुन्हा सांग."

"आधी बरा हो."

डेंग्यू होता. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. कंपनीतल्यांना वाटलं होतं गावी गेलाय, सोयगावच्या लोकांना वाटलं ड्यूटी असेल, दगडाबाईंना वाटलं, आपण घरी नाही तर पोरगा मजेत असेल. आईनं पातळ खिचडीचा डबा भरला, आडनाव न विचारता. दवाखान्यात सावनी त्याच्या पलंगावर चढून बसली आणि त्याच्या कपाळाला हात लावत राहिली, अगदी माझ्यासारखी. "आज नाही पळायचं," तिनं त्याला बजावलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दारापर्यंत?" मी मान हलवली, आणि मग आम्ही तिघं खरंच दारापर्यंत गेलो, तो सलाइनचा स्टँड धरून, ती त्याचं बोट धरून.

आता आम्ही एकाच घरात राहतो आणि बुटांवरून भांडतो. पण हे मी लिहायला बसले ते आमच्यासाठी नाही.

तुम्ही रोज सकाळी ज्या रस्त्यानं जाता, तिथं कुणीतरी असेल. नावही ठाऊक नसेल कदाचित. लाल टोपीतले आजोबा असतील, मैदानाला फेऱ्या मारणारी एखादी मुलगी, हात वर करून पुढं जाणारं कुणी. बरेच दिवस दिसलं नाही का ते माणूस? गावी गेलं असेल, कंटाळलं असेल, आपल्यावर रुसलं असेल... असं काही मनाशी जुळवत बसू नका. नंबर असेल तर आत्ता लावा. नसेल, तर घर विचारा आणि दार वाजवून या. मी थांबते. जाऊन या आधी.