वाटाण्याएवढी हवा

मंगळवार पाणबुड्यांचा. गोदीच्या फाटकासमोरच्या दवाखान्यात सकाळपासून धिप्पाड माणसं बाकावर अवघडून बसायची. एक्स-रेवाले काका एकेकाला आत घ्यायचे आणि डॉक्टरीणबाई छातीचा फोटो पाहून ‘पाण्यात उतरण्यास योग्य’ या ओळीखाली सही करायच्या. हात सवयीनं चालायचा.

त्या मंगळवारी पाण्याखाली वेल्डिंग करणाऱ्या एकाच्या उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला त्यांना एक कडं दिसलं. केसाएवढ्या बारीक रेघेचं, आत काळंभोर. वाटाण्याएवढी कोंडलेली हवा.

“काका, पुन्हा काढा.”

दुसरा फोटो स्वच्छ होता.

“प्लेटवर डाग असेल, मॅडम,” काका म्हणाले. पण प्लेट दोनदा पुसूनही त्यांना तिथे काही सापडलं नाही.

बाईंचा चहा तसाच गार झाला. ते कडं त्या ओळखत होत्या. तीन महिन्यांपूर्वी धाकट्या भावाच्या छातीत त्यांनी तेच पाहिलं होतं. “ताई, एवढंसं तर आहे! कामावर घेणार नाहीत गं मला,” त्यानं गळ घातली होती आणि बाईंनी सही ठोकली होती. अठरा मीटरवरून वर येताना पाण्याचा दाब उतरत जातो, आतली हवा जवळजवळ तिप्पट फुगते. श्वासावाटे निघते ती निघते. कोंडलेलीला वाट नसते. फुफ्फुस फाटलं, हवा रक्तात शिरली आणि रक्तावाटे मेंदूत गेली. होडीवर चढून त्यानं मास्क काढला, “झालं काम,” म्हणाला आणि जागीच कोसळला.

वहिनीनं एकदाच विचारलं होतं, “ताई, त्यांच्या छातीत आधीपासून काही होतं का हो?”

“छे! काहीच नव्हतं.”

तो फोटो बाईंनी आदल्याच दिवशी मशीनमधून पुसून टाकला होता.

पुढच्या मंगळवारी पाच जण आले. पाचही जणांच्या पहिल्या फोटोत तेच कडं, पाचव्याच्या सुपारीएवढं. त्यानंतरच्या आठवड्यात लिंबाएवढं. दुसरा फोटो दर वेळी स्वच्छ. काकांनी मशीनवाल्याला बोलावलं. मशीन ठणठणीत होतं. बाईंना घास गोड लागेना.

शेवटी एका दुपारी, बाक रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, “काका, आता कुणालाही उभं न करता काढा.”

काकांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर बरगड्या उमटल्या. मग हृदय. छाती काठोकाठ भरलेली, श्वास रोखून धरलेल्या माणसाची असते तशी. उजवीकडचा फुगा मुठीएवढा.

दाराच्या काचेतून खोली दिसत होती. आत कुणी नव्हतं.

“मॅडम… हे कोण?”

बाईंनी फोन उचलला. वहिनीनं लगेच घेतला.

“वहिनी, मी खोटं बोलले. फोटोत फुगा होता. मला दिसला होता. दिसूनसुद्धा मी सही केली. त्याला मीच खाली पाठवलं.”

बोलता बोलता त्यांचा बांध फुटला. शेजारी उभ्या काकांना शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू गेला.



“वहिनी, ऐकलंत ना?”

“ताई?” वहिनी म्हणाली. “तुम्ही कुठून बोलताय? मघापासून नुसते बुडबुडे ऐकू येताहेत.”