संपू नये असं काम

जानेफळच्या माती तपासणी केंद्रात पहिल्याच दिवशी दोघांनी एकाच खुर्चीला हात घातला. दुसरीचं चाक मोडलेलं होतं. "बसा तुम्ही," म्हणत ऋत्विकने मोडकी ओढून घेतली, आणि पुष्पांजलीचं लक्ष कामातून उडालं ते उडालंच.

काम तरी काय, तेही कंत्राटावरचं! यंत्रातून आलेले अहवाल साध्या मजकुरात. शेतकऱ्याचं नाव, गाव, नत्र, स्फुरद सगळं एका ओळीत कोंबलेलं. ते एकेक उचलून एक्सेलच्या रकान्यांत टाकायचं. हजारो ओळी. तिला मात्र ते संपायला नकोच होतं. "काम झालं की सोनाळ्याले ये, स्थळ थांबून हाय," असं बाबांनी बजावलं होतं.

भाद्रपदातल्या पावसाची झड लागली होती. एके दिवशी ती मनगटाला हळदीचं फडकं बांधून आली.

"काय झालं?"

"टायपून टायपून सुजलं... होईन बरं."

ऋत्विकने तिचा कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग त्याने सगळा मजकूर एडिटरमध्ये उघडला, एका ओळीत जागोजागी टॅब दिले आणि एक बटण दाबलं. ओळींमागून ओळी आपोआप सुट्या होत गेल्या. चहा येईपर्यंत सगळं एक्सेलमध्ये नीट बसलं होतं.

"हे... काय केलं?"

"मॅक्रो. एका ओळीवर आपण जे करतो, ते ध्यानात ठेवून बाकीच्यांवर तेच करते."

"कधीपासून येते तुमाले?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग हातानं काऊन टायपत बसले?"

"लवकर संपलं असतं, तर... तुम्ही गेल्या असत्या."

हे ऐकायला ती किती झुरली होती! आणि ते आलं ते असं. तिला रडूच फुटलं. "आता जाच लागते ना! घरी स्थळ थांबून हाय माह्यं."

त्याचा चेहरा पार उतरला. "मले ठाऊक नव्हतं... परत पयल्यासारखं करू? एकच बटण हाय."

रडता रडता तिला हसू आलं. "नका करू."

काम संपलं म्हणून साहेबांनी संध्याकाळीच दोघांना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर तो भिजत उभा होता.

"बाबाले माह्यासाठी इचारा ना," ती म्हणाली.

"काय सांगू त्यायले? कंत्राट याच कामाचं होतं. मीबी रिकामाच झालो."

"हेच सांगा. माह्या मनगटापायी हातचं काम घालवलं म्हणा. बाबा चिडतीन... तरी सांगा."

सोनाळ्याची गाडी आली. ऋत्विकने तिच्या दुखऱ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिच्या आधी गाडीत चढला.