आता मारा सेल!

खासबागेत त्या सकाळी असली थंडी पडली होती, की सुनयनाची डिझेल गाडी दोनदा खोकली आणि गप्पच बसली. निपाणीच्या कॉलेजात पहिला तास तिचाच, आणि गल्लीतले चार शहाणे बॅटरीवर भाषण देत उभे!

"बॅटरी न्हाय ओ. एअर धरलीय," मागून आवाज आला. समोरच्या घरात नवा राहायला आलेला, बँकेतला बुद्धप्रिय! तो फिल्टरवरचा हातपंप दाबू लागला. "गारठ्यानं रबर आकसतं. फटीतनं हवा शिरती, आणि डिझेल रातभर माघारी टाकीकडं उतरतं. हं... आता मारा सेल!"

सुनयनानं किल्ली फिरवली आणि गाडी धूर सोडत सुरू झाली. 'मॅडम, सरा बाजूला' असं तो एकदाही म्हणाला नाही, किल्ली तिच्याच हातात राहू दिली. सुनयनाला हेच लई आवडलं.

मग रोजचंच झालं. तो पंप मारायचा, ही सेल.

"लाडावलीय तुमची गाडी."

"हात किती गार पडलेत तुमचे!"

"मग हातमोजे विणून द्या की."

"विणकाम येत न्हाय मला."

"शिका... मी थांबतो."

अन् असं काही बोलून हा बाबा खुशाल हसायचा! पण दूधवाल्याचा टेम्पो ढकलायलाही तो असाच धावायचा, शेजारच्या भीमाप्पांची स्कूटरही असाच हसत दुरुस्त करायचा. माणूस सोन्यासारखा, प्रश्नच नाही. पण तो येतो ते गाडीसाठी, की माझ्यासाठी? सुनयनाला झोप लागेना.

शेवटी रविवारी तिनं स्वतःच फिल्टर उघडला. रबरी रिंग वाळून चिरली होती. नवी बसवली, पंप मारून हवा काढली. हात काळे झाले. उद्यापासून तो आलाच नाही तर?

सोमवारी गाडी एका दमात सुरू झाली. समोरचं दार बंदच. तिनं गिअर टाकला... आणि दार उघडलं.

"सुरू झाली की!"

"रिंग बदलली मी."

"तुम्ही? एकटीनं?" त्यानं बॉनेट उचलून फिल्टरची पारदर्शक नळी पाहिली. हवेचा एकही बुडबुडा नव्हता. "भारी काम केलंत ओ! मला नसतं जमलं इतकं नीट." त्याच्या डोळ्यांतलं कौतुक बघून ती लाजली.

"आता... तुमचं काही काम उरलं न्हाय इथं."

"व्हय." तो मात्र जागचा हलेना. "आवाज ऐकला तेव्हाच कळलं, गाडी बरी झाली. म्हटलं, आज जायला नको. पण राहवलं न्हाय. मी गाडीसाठी येत नव्हतो, सुनयना... तुमच्यासाठी येत होतो."

तिनं इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली. पहिला तास आज गेला तर गेला!

"चला वर. माझे आप्पा चहा ठेवतायत."

"तुमचे वडील?" तो दचकला. "त्यांना काय सांगू?"

"मला आत्ता सांगितलंत, तेच," ती म्हणाली, आणि त्याचा गार हात धरून जिना चढू लागली.