सात पिलांची दाई

चैत्रातल्या त्या सकाळी लक्ष्मम्मा बीपीच्या गोळ्या आणायला उमरग्याला निघाली होती. तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून तिनं गावोगाव बाळंतपणं केली. रिटायर झाल्यापासून ती शेतातल्या घरात एकटीच राहायची. हायवेवर आली तर चिंचेची जुनी झाडं आडवी झालेली. रस्ता रुंद करायचा होता. फांद्यांखाली वटवाघळं मरून पडली होती, आणि मेलेल्या आयांच्या छातीला बिलगून पिलं अजून दूध शोधत होती.

लोक लांबून बघत होते; बाळंतपणात गेलेली एक बाई त्या चिंचांवर असते असं म्हणायचे, म्हणून कुणी जवळ जाईना. लक्ष्मम्मानं वनरक्षक सुरजला फोन लावला. तो हातमोजे अन् खोकं घेऊन आला.

"नर्सबाई, पुण्याला प्राण्यांच्या दवाखान्यात पाठवायचं म्हनलं तर वाटंतच मरतील ही. तिथल्या डॉक्टरबाई फोनवर समदं सांगत्यात. तुमी सांभाळता का?"

"किती हायत?"

"सात."

"वॉर्डात ह्याच्यापेक्षा जास्त असायची," ती म्हणाली, आणि खोकं मांडीवर घेऊनच घरी परतली. गोळ्या राहिल्या त्या राहिल्याच.

घरामागं बियाण्याची रिकामी खोली होती. तिथं तिनं दोरी बांधली, जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे केले आणि एकेक पिलू गुंडाळून उलटं टांगलं. शेजारच्या वस्तीवरची अजीजाबी शेळीचं दूध द्यायची. दर तीन तासांनी कापडाची वात दुधात बुडवायची आणि पिलाच्या तोंडाला लावायची. पिलू डोळे मिटून चोखायचं, अंगठ्याची बारकी नखी तिच्या हातमोज्यात अडकवून धरायचं. मांजर शिरू नये म्हणून खोलीला कुलूप, अन् किल्ली लक्ष्मम्माच्या उशाखाली.

बाराव्या दिवशी तिला ताप भरला. दुपारपर्यंत उठवेना. फोन दुसऱ्या खोलीत, घशाला कोरड, आणि भिंतीपलीकडून पिलांची किरकिर. एकची वेळ गेली. चारची गेली. किरकिर वाढत गेली. ती कॉटवरून उतरायला गेली आणि तिथंच कलंडली.

मग किरकिर थांबायला लागली. आधी एकाची, मग दुसऱ्याची.

संपली बिचारी, असं तिला वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण ती शांतता तशी नव्हती. पोट भरलेल्या लेकराची शांतता कशी असते, हे तिनं तीस वर्षं ऐकलेलं होतं. पाठोपाठ वाटी वाजली. कुणीतरी ओठ मिटून गुणगुणत होतं. शब्द नाहीत, नुसता सूर… बाईमाणसाचा.

"अजीजाबी?… तूच हाय का?"

सूर थांबला.

दिवेलागणीची वेळ झाली होती. घरात उजेड कमी कमी होत गेला. ओल्या लाकडाचा, ताज्या तोडलेल्या चिंचेचा वास हळूहळू खोलीत भरला. आणि गुणगुणणं पुन्हा सुरू झालं. या वेळी भिंतीच्या अलीकडं.

लक्ष्मम्मानं डोळे गच्च मिटून घेतले. लांब केसांची टोकं तिच्या कपाळाला लागली. सूर वरून येत होता, उशाशी उभं राहून कुणी वाकावं तसा. मग तिच्या सुकलेल्या ओठांना ओली वात लागली. कोमट दूध, थेंब थेंब.

तिला ओरडायचं होतं. पण तहान एवढी होती की ती चोखत राहिली.

दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी घाम येऊन ताप उतरला. भिंत धरत ती मागं गेली. कुलूप होतं तसंच होतं. किल्ली तिच्या उशाखालीच सापडली होती. आत सातही पिलं झुलत होती, तोंडं पुसलेली, पोटं टम्म, कापडं नवीन बदललेली.

तेवढ्यात अजीजाबी दारात आली. "माफ करा बाई, दोन दिस अणदूरला लेकीकडं अडकले. दुधाबिगर पिलांचं कसं झालं असल, जीव लई टांगणीला लागला हुता."

"तुझ्या घरून कुणी दूध आणून दिलं न्हाई?"

"कोन देनार? शेळ्या बी संगंच नेल्या हुत्या."

अजीजाबी गेल्यावर लक्ष्मम्मा त्या खोलीत उभी राहिली आणि तिनं हात जोडले. "कोण हायस, मला ठाव न्हाई," ती म्हणाली, "पण माझी लेकरं वाचली तुझ्यामुळं. मीबी वाचले. तुझे उपकार मी विसरनार न्हाई, बाई."

पिलं वाढली. दूध सुटलं, केळं-चिकू आलं, पंख खोलीभर फडफडायला लागले. श्रावणातल्या एका संध्याकाळी सुरज आणि ती पिलांना तळ्याकाठच्या वडावर घेऊन गेले. तिथं वाघळांची मोठी वस्ती होती. सातही जणं फांदीला लटकली, थोडा वेळ बावरली. मग झाडावरून शेकडो पंख उठले आणि त्यांच्यात एकेक मिसळून गेलं. शेवटचं दिसेनासं झालं तरी लक्ष्मम्मा वर बघत होती.

"रडताय व्हय, नर्सबाई?"

"न्हाई रे. डिस्चार्ज दिला लेकरांना."

दसऱ्याआधी तिनं घराला चुना द्यायला बजरंगला बोलावलं. तो कॉट सरकवून शिडीवर चढला आणि ब्रश हातात तसाच धरून थांबला.

"बाई… स्लॅबवर ही पावलं कुनाची?"

कॉटच्या बरोब्बर वर, छताला, दोन अनवाणी पावलं उमटली होती. बाईमाणसाची. बोटं घट्ट आवळलेली, फांदी धरावी तशी.

"चुना मार," लक्ष्मम्मा म्हणाली.

बजरंगनं तोंड फिरवून दोन हात मारले आणि दिवस मावळायच्या आत निघून गेला. तिनं कॉट पुन्हा त्याच जागी ओढली. दुसरीकडं झोपायचं तिच्या मनात आलं होतं, पण उपकार करणाऱ्याकडं पाठ कशी फिरवायची?

सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर ती दोन पावलं पुन्हा उमटली होती. आणि त्यांच्या मधे आणखी दोन होती, बोटभर लांबीची, अजून चालायलाही न लागलेल्या बाळाची.