मोगऱ्याऐवजी

पहिल्याच भेटीत सिद्धांत रडला. माझ्यामुळे.

मी अमरगोळच्या बाजार आवारात एका अडत दुकानात मिरचीची प्रतवारी करते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर मिरची नाकाशी धरायची आणि माल ताजा की जुना, कोरडा की पाणी मारलेला, ते सांगायचं. त्या शनिवारी तिथूनच थेट कमरीपेठेत अत्तराच्या दुकानात गेले. आईने मोगरा आणायला सांगितला होता. पुढच्या रविवारी मला बघायला बेळगावहून पाहुणे येणार होते, आणि आईच्या मते माझ्या अंगाला मिरचीचा वास येतो.

दुकानात सिद्धांत एकटाच होता. “हात द्या, अक्का,” म्हणाला. माझ्या पालथ्या हातावर मोगऱ्याचा थेंब बोटाने चोळला आणि त्याच बोटाने आपला डोळा पुसला. कमी तिखट ब्याडगी असती तर निभावलं असतं... पण त्या दिवशी गुंटूरचा तिखट माल आला होता. मी पाण्याची बाटली पुढे करेपर्यंत त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

“मिरचीत काम करते मी,” मी ओशाळून म्हटलं.

“आधी सांगायचं की...” तो हसत-रडत म्हणाला. त्या लाल डोळ्यांत जराही राग नव्हता. ते मला आवडलं, पण तेव्हा मी कबूल केलं नसतं.

मोगरा मात्र आवडला नाही. माझ्या हातावर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तसं सांगितल्यावर त्याने विचारलं, मग तुम्हाला काय आवडतं? इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी जरा थांबून सांगितलं — सकाळी पहिलं पोतं उसवलं की येतो तो वास. वाळलेली ब्याडगी, तागाचं पोतं, थोडी धूळ आणि मागून गुळासारखं काहीतरी. मला वाटलं, आता हा नाक मुरडेल. त्याने मागच्या फळीवरून एक बिनलेबलची बाटली काढली.

त्यात वाळा होता, तंबाखूचं पान होतं, थोडा धूर होता. मी वास घेऊन एकेक ओळखत गेले तसा तो बघतच राहिला. ते त्याने स्वतः बनवलं होतं. दोन वर्षांत एकानेही घेतलं नव्हतं, आणि त्याचे अप्पा म्हणायचे, विझलेल्या चुलीचा वास आहे.

“चांगलं आहे,” मी म्हटलं. “पण गोडी कमी आहे.”

मग आठवडाभर कामावरून सुटले की मी कमरीपेठेत. लिलावाच्या दिवशी मला अंगाला काही लावता येत नाही, नाक कोरं ठेवावं लागतं. म्हणून तो संध्याकाळसाठी कापसाचा फाया तयार ठेवायचा. एक दिवस गूळ जास्त झाला, एक दिवस धूर. गप्पा रोजच जास्त व्हायच्या. एकदा तो म्हणाला, सहा वर्षं अत्तर विकतोय, माणसं स्वतःला आवडेल ते घेतच नाहीत, दुसऱ्याला आवडेल ते घेतात. मी घरी पोचेपर्यंत त्याचाच विचार करत होते. मोगरासुद्धा मी बेळगावकरांसाठीच घेणार होते. ह्या सगळ्यात ‘अक्का’ कधी गळून पडलं, ते कळलं नाही.

शुक्रवारी फाया नाकाशी धरला आणि — सकाळचं पहिलं पोतंच ते, पण अंगावर लावावं असं. मी डोळे मिटून उभी राहिले. उघडले तेव्हा तो फायाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

“मोगरा कशासाठी हवा होता, गौतमी?”

मी सांगितलं. त्याने मोगरा आणि ती बिनलेबलची, दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवल्या.

“रविवारी कुठलं लावायचं ते... तुमचं तुम्ही ठरवा.”

रविवारी आईने मला लिंबू चोळून तीनदा हात धुवायला लावले. मग मी खोलीत जाऊन बिनलेबलची बाटली उघडली. मुलाच्या आईने बसल्या बसल्या विचारलं, काही करपतंय का? मुलगा सज्जन होता. हळूच म्हणाला, लग्नानंतर बाजारातलं काम सोडलेलं बरं, तो वास अंगात मुरतो. खोटं काही बोलला नाही. मुरतोच.

“मला तो वास आवडतो,” मी म्हटलं. “काम सोडणार नाही.”

उप्पीट संपवून पाहुणे गेले. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तरी कपबशा उचलता उचलता तिने माझा हात ओढून वास घेतला आणि आत गेली.

संध्याकाळी मी दुकानात जाऊन मोगऱ्याची न उघडलेली बाटली त्याच्यापुढे ठेवली.

“त्यांना नाही आवडलं?” त्याने विचारलं.

“नाही. मला आवडलं... आणि ज्यानं बनवलं, तोसुद्धा.” बोलून गेले, आणि माझेच कान तापले.

त्याने पहिल्या दिवशीसारखाच माझा हात हातात घेतला. ह्या वेळी हातात बाटली नव्हती. मनगट नाकाशी नेऊन वास घेतला.

“फायावर हे असं नव्हतं,” तो म्हणाला. “दोन वर्षं ह्याला माणूस मिळत नव्हतं... मलाही.”

मग तोंड फिरवून त्याने डोळे पुसले. “मिरची गेली वाटतं डोळ्यात.”

रविवारी बाजार बंद असतो, आणि हात तर लिंबाने तीनदा धुतलेले.

“गुंटूरची असेल,” मी म्हटलं, आणि हात त्याच्या हातातच राहू दिला.